आपल्या नावाची फाईल

(संघटनेच्या पावसाळ्याआधीच्या शिबिरात कार्यकारिणीच्या वतीनं झालेलं भाषण. बोललं तसंच उतरवलं आहे. मधल्या घोषणा आणि गाणी गाळली आहेत.)



आपली माणसं हायकोर्टातून परत आली त्या दिवसापासून पाड्यापाड्यावर एकच विचारणा चालू आहे. फाईलमध्ये खबर देणारा कोण निघाला? बाजारात तेच, पाणवठ्यावर तेच, लग्नाच्या मांडवातही तेच. फाईलमध्ये आपल्या जमिनीबद्दल काय निघालं, हे मात्र अजून फारसं कुणी विचारलेलं नाही. म्हणून कार्यकारिणीनं ठरवलं, शिबिरातलं पहिलं बोलणं यावरच ठेवायचं. अर्धं ऐकून दुप्पट पसरतंय, त्यापेक्षा सगळ्यांनी एकदाच, एकत्र बसून ऐकावं.

आधी फाईल हातात कशी आली ते. आपल्या दोन कार्यकर्त्यांना तडीपारीची नोटीस निघाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ५६. ह्या माणसांना जिल्ह्याबाहेर घालवावं, कारण त्यांच्या दहशतीमुळं लोक उघड साक्ष द्यायला धजत नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. लोक धजत नाहीत म्हणून त्यांचे जबाब गुपचूप घेतले. साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’. नाव नाही, गाव नाही. तडीपारीच्या कायद्यात हे चालतं. आरोपाचा साधारण मतलब सांगितला की पुरे, कुणी सांगितलं ते सांगावं लागत नाही. ज्याच्यावर आरोप त्यानं अंधारात काठी फिरवायची.

आपण हायकोर्टात गेलो. कोर्टानं रेकॉर्ड मागवलं, आणि आपल्या वकीलबाईंना ते कोर्टातच बसून वाचायला मिळालं. झेरॉक्स नाही. दोन तास. बाईंनी जेवण सोडून हातानं टिपणं काढली. ती टिपणं आपल्याकडं आहेत, आणि आता सांगतो आहोत ते त्यातलंच.

आम्हाला वाटलं होतं दोन-चार कागद असतील. निघाली अकरा वर्षांची पानं. ठाण्यातला तो साध्या कपड्यातला गोपनीयवाला हवालदार, ज्याला आपण मोर्च्यात चहा पाजतो, त्याच्या हातच्या नोंदी. कुठल्या पाड्यावर बैठक झाली, बाप्ये किती, बाया किती. भाकरी कुणाच्या घरी खाल्ली. बाहेरगावचा पाहुणा कोणत्या एसटीनं आला, कोणत्या एसटीनं गेला. गॅसबत्ती कुणाची होती. मोर्च्याच्या माणसांचा आकडा आहे, तो आपल्या आकड्याशी कधीच जुळत नाही, ते सोडा. बोहाड्याच्या रात्रीचीही नोंद आहे. सोंगं घेऊन माणसं रात्रभर जमली, मतलब कळला नाही, असा काहीतरी मजकूर. ह्या वर्षी हवालदारसाहेबांना पुढं बसवू, मतलब कळेल. एका म्हाताऱ्या बाबांचं नाव तर ते वारल्यानंतर चार वर्षं बैठकीला हजर आहे.

हसू येतं खरं. पण वकीलबाई सांगत होत्या, पुढची पानं उलटताना हसू गेलं. कुणाची पोर कुठल्या गावी दिली ते लिहिलं आहे. कुणाचा नवरा दारू पितो, कुणाच्या घरात भांडण आहे, कुणावर सावकाराचं किती देणं आहे. हे मोर्च्याचं नाही, आंदोलनाचं नाही. हे कशाला लिहून ठेवतात? माणूस कुठून वाकेल ते कळावं म्हणून. ज्याच्यावर कर्ज आहे तो पैशानं वाकेल, ज्याच्यावर फॉरेस्टची केस आहे तो केस काढून घेतो म्हटलं की वाकेल. रोगाचं औषध शोधायला डॉक्टर नाडी बघतो. हे नाडी बघतात ती कुठं दाबायचं ते कळायला.

आता जमिनीचं पान. हे नीट ऐका.

फाईल दोन कार्यकर्त्यांची, पण तिच्या आरंभाला आपल्या भागाची जुनी हकिकत जोडली आहे, कुठल्यातरी जुन्या रजिस्टरातून उतरवलेली. हे लोक पहिल्यापासूनच कायदा मोडणारे आहेत, असं दाखवायला. त्यात जून १९७६ ची एक नोंद आहे. जंगलखात्याच्या बोलावण्यावरून पोलीस पार्टी डोंगराखालच्या नाल्यापाशी गेली. तिथं सतरा इसम सरकारी जंगलात नांगरट करताना आढळले. त्यांना हुसकलं, नांगराचे फाळ जप्त केले. पुढं सतरा जणांची नावं, बापाच्या नावासकट, पाड्यासकट. नाल्याचं नाव. टेकडीचं नाव.

सतरातले पाच जण आज इथं बसले आहेत. बाकीच्यांची पोरं बसली आहेत. ते फाळ परत मिळाले नाहीत, हे आपले म्हातारे वीस वर्षं सांगत आलेत. प्रांत ऑफिसात जमिनीची चौकशी झाली तेव्हाही सांगितलं. साहेब म्हणाले, तोंडी काय कुणीही सांगेल, कागद दाखवा. सरकारचा निर्णय होता २७ डिसेंबर १९७८ चा. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून जो कसत होता त्याची जमीन नियमित करायची, नंतर घुसला त्याची नाही. आणि आपल्या पाड्यांना उत्तर काय मिळालं? तुम्ही नंतर घुसलात. पुरावा नाही. दंडाच्या पावत्या आणा. पावत्या कुठून आणायच्या? गार्ड दंड घ्यायचा, कोंबडी घ्यायचा, पावती फाडायचा नाही. ज्यांची पावती फाडली त्यांच्या झोपडीला वाळवी, पाऊस, उंदीर. तरी ज्या बायांनी पावत्या बांबूच्या नळीत घालून आढ्याला टांगून ठेवल्या त्यांच्या जमिनी आज वाचल्यात. शिकलेल्या माणसाला असं जपणं सुचलं नसतं.

म्हणजे एक सरकार म्हणतं तुम्ही १९७८ नंतर आलात. त्याच सरकारच्या दुसऱ्या खोलीत, कुलपात, कागद पडला आहे की १९७६ साली हे सतरा जण नांगर धरून उभे होते. आपल्याला गुन्हेगार ठरवायचं असतं तेव्हा आपण जुने कसणारे. आपल्याला जमीन द्यायची असते तेव्हा आपण नवे घुसखोर. दोन्ही खरं कसं असेल?

हे आपल्याच नशिबी आलेलं नाही. दूरची एक हकिकत सांगतो, कारण तिथल्या लोकांनी ही कुलपं उघडून दाखवली.

पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला, दक्षिण अमेरिकेत, पॅराग्वे नावाचा देश आहे. त्याला समुद्र नाही, चारी बाजूंना दुसरे देश. तिथले बहुतेक लोक ग्वारानी बोलतात. ती मुळात आदिवासींची भाषा, पण शेतकरी, दुकानदार, शिपाई, सगळ्यांना येते. आपल्याकडं पोरगं शाळेत घरच्या बोलीत बोललं की मास्तर डोळे वटारतो. तिथं शिपाईसुद्धा लोकांच्या भाषेत बोलतो. त्यानं शिपाई सुधारतो असं मात्र नाही. त्या देशावर १९५४ पासून १९८९ पर्यंत, पस्तीस वर्षं, स्ट्रोसनर नावाच्या सेनापतीनं राज्य केलं.

तिथल्या गरीब शेतकऱ्यांनी १९६० नंतर आपली मंडळं काढली होती. एकमेकांच्या शेतात सावडीनं राबायचं, माल मिळून घ्यायचा, पोरांना आपल्या भाषेत शिकवायचं. ह्यात देश उलथून टाकण्यासारखं काय आहे? पण जमीनदाराला आणि सेनापतीला कळतं, जो माणूस आज सावडीनं राबतो तो उद्या मिळून प्रश्न विचारणार. १९७६ साली ही मंडळं मोडून काढली. माणसं धरली, मारली, छावणीत कोंडली. आणि कोण कुठं बसतो, काय बोलतो, ह्याची खबर देणारी माणसं गावोगाव पेरलेली होती. अशा खबऱ्याला ग्वारानीत म्हणतात पिरागुए. म्हणजे पायाला केस असलेला. केसाळ पायाचा चालला की पावलाचा आवाज होत नाही. पाचोळ्यावरून चालणाऱ्या माणसांनीच काढलेला शब्द आहे, हे सांगायला नको.

त्या देशात मार्तिन अल्मादा नावाचे एक शिक्षक. शिक्षकांच्या संघटनेत काम करायचे, आणि तिथलं शिक्षण गरिबाच्या कामाचं नाही असं त्यांनी लिहिलं. नोव्हेंबर १९७४ मध्ये त्यांना उचललं. मारहाण करताना पोलीस त्यांच्या बायकोला फोन लावायचे आणि त्यांचं ओरडणं ऐकवायचे. तिचं नाव सेलेस्तिना पेरेझ. थोड्याच दिवसांत तिनं हाय खाल्ली आणि ती गेली. अल्मादा तीन वर्षांनी सुटले, परदेशात राहिले, सेनापती पडल्यावर परत आले. तोवर देशात नवी राज्यघटना झाली होती, १९९२ ची. तिच्या १३५ व्या कलमात एक हक्क दिला आहे. सरकारी दप्तरात तुझ्याबद्दल काय लिहिलं आहे ते तुला बघता येईल, चुकीचं असेल तर दुरुस्त करून मागता येईल. अल्मादा कोर्टात गेले, म्हणाले, माझी फाईल मला दाखवा. पोलीस म्हणाले, असली काही फाईल नाही.

मग अल्मादांच्या कानावर आलं, कागद कुठं आहेत ते. आजवर खबर लोकांकडून पोलिसांकडं जायची, ह्या वेळी उलटी आली. २२ डिसेंबर १९९२ ला ते न्यायाधीशाला घेऊन राजधानीजवळच्या लांबारे गावातल्या पोलिसांच्या एका इमारतीत गेले. बरोबर बातमीदार. दारं उघडली तर आत कागदांचे ढीग. लाखांनी पानं. कुणाला कधी धरलं, कुणाच्या हुकमानं, कुठं नेलं, फोटो, ओळखपत्रं, खबऱ्यांचे अहवाल. वर्षानुवर्षं आया विचारत होत्या, आमचा मुलगा कुठं आहे, आणि उत्तर यायचं, आम्ही त्याला धरलेलंच नाही. तिथं त्याच्या अटकेचा कागद, सही-शिक्क्यासकट. आजूबाजूच्या देशांचे पोलीस एकमेकांची माणसं कशी धरून देत होते तेही त्यातून बाहेर आलं. त्या कारस्थानाचं नाव कोंडोर. कोंडोर म्हणजे तिकडचं मोठं गिधाड.

ते कागद नंतर तिथल्या न्यायालयाच्या इमारतीत नेऊन ठेवले, लोकांना बघता येतात. १९९६ साली तिथं अत्याचार झालेल्यांना भरपाई देण्याचा कायदा झाला, आणि ज्या कागदांनी माणसाला गुन्हेगार ठरवलं तेच त्याच्या बाजूचा पुरावा झाले. पोलिसांनी ते जाळले का नाहीत, असं लोक विचारतात. जो नोंद ठेवतो त्याला वाटत असतं, आपलं राज्य कायमचं आहे. फॉरेस्ट गार्डालाही तसंच वाटतं.

इथं कुणी म्हणेल, तो परदेश, आपल्याकडं असं कुठं चालतं? चालतं. सरकार स्वतःच चालवतं. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झालं. त्याला पुरावा काय लागतो? तुरुंगाचा दाखला. भूमिगत असेल तर त्याच्या नावाचं वॉरंट, फरारी म्हणून काढलेला जाहीरनामा. म्हणजे इंग्रजाच्या जेलरनं आणि इंग्रजाच्या फौजदारानं लिहिलेला कागद. मुंबई सरकारनं तर इंग्रज पोलिसांची गुप्त दप्तरं उघडून त्यातून स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं छापली. ज्या कागदात लिहिलं होतं की हा माणूस राजद्रोही, तोच कागद दाखवून तो माणूस देशभक्त ठरला, आणि ते बरोबरच झालं. मग आमच्या सतरा जणांचा १९७६ चा कागद का चालत नाही? हा प्रश्न प्रांतसाहेबांना विचारायचा आहे, आणि विचारताना आवाज चढवायची गरज नाही.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडं येऊ, ज्यासाठी निम्मे लोक आले आहेत. साक्षीदार ‘अ’ कोण, ‘ब’ कोण?

साथींनो, एका पाड्यावर गेल्या आठवड्यात एका घराला वाळीत टाकायची भाषा झाली. त्या घरचा माणूस ठाण्यावर जाताना दिसला होता, एवढंच कारण. त्याच्या बायकोला विहिरीवर बोलणी खावी लागली. हे थांबलं पाहिजे, आणि का थांबलं पाहिजे ते सांगतो.

वकीलबाईंनी ‘अ’ आणि ‘ब’ चे जबाब शेजारी शेजारी ठेवून वाचले. दोन्ही शब्दाला शब्द सारखे. फक्त दिवस वेगळा आणि जागा वेगळी. एकाला ओढ्यावर धमकी दिली, दुसऱ्याला बाजारात. बाकी सगळं तेच. सदर इसम, धारदार शस्त्र, जीविताची भीती. आपल्या पाड्यावर सदर इसम असं कोण बोलतं? हा जबाब कुणाच्या तोंडून आलेलाच नाही, तो ठाण्याच्या टेबलावर तयार झाला आहे. खाली अंगठा कुणाचातरी असेल. पण आपल्यातल्या किती जणांनी कोऱ्या कागदावर अंगठे उठवलेत, हात वर करा. बघा. मोहाच्या केसमध्ये, लाकडाच्या केसमध्ये, पंचनाम्याला, रेशनकार्डाला. ह्यातलाच एखादा अंगठा ‘ब’ झाला असेल आणि त्या माणसाला आजही माहीत नसेल की आपण ‘ब’ आहोत. अशा माणसाला शोधून काढून काय मारणार?

आणि समजा कुणी जाणूनबुजून खबर दिली असेल. तशीही माणसं असतात, आम्ही नाही म्हणत नाही. पूर्वी जर्मनी देशाचे दोन तुकडे होते. पूर्वेकडच्या तुकड्यात एक गुप्त पोलीसखातं होतं, त्याला लोक श्टाझी म्हणायचे. त्यांची दप्तरं एकाशेजारी एक उभी केली तर शंभर किलोमीटरच्या वर भरतात. त्यांनी माणसांचा वाससुद्धा साठवला होता. ज्या खुर्चीवर माणूस बसला तिच्यावरचं फडकं काचेच्या बरणीत बंद करायचं, पुढं कुत्र्याला हुंगवायला. आपल्याकडं अजून ते आलेलं नाही. जानेवारी १९९० मध्ये लोक त्यांच्या बर्लिनच्या मोठ्या कचेरीत शिरले. श्टाझीवाल्यांनी कागद फाडायला सुरुवात केली होतीच. मशीन पुरेनात तेव्हा हातानं फाडले. फाडलेल्या कागदांची हजारो पोती सापडली आणि पुढं माणसं बसवून ते तुकडे जुळवायचं काम सुरू झालं. लोकांनी भांडून कायदा करून घेतला, आणि २ जानेवारी १९९२ पासून ज्याची फाईल त्याला वाचायला मिळू लागली. खबऱ्याचं खरं नावसुद्धा मागितलं तर सांगतात.

काय झालं त्यानं? एका बाईला, ती खासदार होती, कळलं की आपल्या बैठकांची खबर देणारा आपला नवराच. फाईलमध्ये त्याचं नाव होतं डोनाल्ड. घर मोडलं. पण असंही झालं की ज्या मित्रावर वर्षानुवर्षं संशय घेतला, त्याचा काही दोष नव्हता, हे फाईलमधून कळलं. कायदा होताना मोठमोठी माणसं म्हणत होती, नावं कळली तर खून पडतील. तसं झालं नाही. आमचं मत विचाराल तर, ज्याच्या घरात शिरून खबर काढली त्याला ते नाव कळण्याचा हक्क आहे. पण तिथं पोलीसखातंच मोडलं होतं. ज्यानं खबर दिली त्याच्या मागं उभं राहणारा कुणी उरला नव्हता. सगळे कागद समोर होते, एकाचा दुसऱ्याशी ताळा घेता येत होता. आपल्याकडं ठाणं आहे तिथं आहे, फौजदार आहे तिथं आहे, आणि आपल्या हातात दोन तासांची टिपणं. एवढ्यावर आपण एखाद्या घराचं पाणी तोडलं तर पहिला आनंद कुणाला होईल? पाडा फुटावा म्हणूनच तर ‘अ’ आणि ‘ब’ लिहितात. फाईल वाचली नाही तरी तिची भीती काम करते, कुणी कुणासमोर बोलत नाही, बैठकीला दहातले चार येतात.

खोट्या खबरीनं काय होतं, हे आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. १० ऑक्टोबर १९४५, तलवाडा. सावकार-जमीनदारांनी लोकांत उठवलं की गोदाराणीची सभा आहे, तिच्या जिवाला धोका आहे, हत्यारं घेऊन या. आणि तिकडं पोलिसांना खबर दिली की आदिवासी हत्यारं घेऊन हल्ला करायला जमलेत. लोक आले, गोदूताई तिथं नव्हत्याच. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांच्याबरोबर चार जण गेले. गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये ह्या सगळ्या लढ्याची हकिकत लिहिली आहे, पोरांनी वाचावी. ती खबर ठाण्यात कोणी नेऊन दिली, त्या नोकराचं नाव कुणाला आठवतं? ती कुणाच्या फायद्याची होती, ते सगळ्यांना आठवतं.

म्हणून आपली मागणी अशी राहील. पुरावा कायद्यात, १८७२ च्या, २०२४ पर्यंत कलम १२५ होतं. पोलिसाला गुन्ह्याची खबर कुणाकडून मिळाली, हे सांगायची सक्ती करता येत नाही. ठीक आहे. आम्ही तुमचा खबऱ्या मागतच नाही. त्याचं नाव झाका, काळी शाई ओता. पण १९७६ साली तुमची पार्टी स्वतः नाल्यावर गेली, तिथं खबऱ्या कुठून आला? ती नोंद तुमच्या हातची, तुमच्या डोळ्यांनी बघितलेली. ती तारीख, ती सतरा नावं, ती जागा, आणि जप्त केलेल्या फाळांची यादी, एवढं द्या. सरकारी गुपित म्हणाल तर नांगराच्या फाळात देशाचं कोणतं गुपित आहे ते कोर्टाला समजावून सांगा.

वकीलबाई ह्यासाठी दोन अर्ज करणार आहेत. एक, तडीपारीच्याच केसमध्ये, की ही फाईल निकालानंतरही नष्ट करू नये. सरकारी कचेरीत कागदाची मुदत भरली की तो जाळतात, हे लक्षात असू द्या. दुसरा प्रांताकडं, की पोलीस आणि जंगलखातं ह्या दोघांची १९७८ पूर्वीची रजिस्टरं चौकशीत मागवावीत. आपण पुरावा आणायचा म्हणता, तर जो पुरावा तुमच्याच कपाटात आहे तो तुम्ही काढा. मिळेल का? लगेच नाही. एका तारखेला नाहीच. पण अर्ज गेला की नाही म्हणायलाही त्यांना लिहावं लागेल, आणि ते लिहिलेलं आपल्याकडं राहील.

तडीपारीचा निकाल अजून लागलेला नाही. स्थगिती आहे. दोघंही जण इथंच आहेत, समोर भात वाढतायत. पुढच्या तारखेला प्रत्येक पाड्यावरून दोन माणसांनी जायचं आहे, त्यात एक बाई असावी. भाड्याची वर्गणी नेहमीच्या वहीत. वही पूर्वीसारखीच उघड्यावर ठेवायची, लपवायची नाही. हवालदारानं मागितली तर दाखवा, आणि बघितल्याची सही घ्या.

त्या सतरा घरांनी मात्र एक काम पेरणीआधी उरकायचं आहे. घरात जो कागद असेल तो, दंडाची पावती, समन्स, जामिनाचा कागद, वॉरंट, जप्तीची यादी, मग तो फाटका असो, अर्धा असो, घेऊन सोमवारी बाजारच्या दिवशी कार्यालयात या. आपल्यावरच्या केसचा कागद म्हणून लाजून घरी ठेवू नका. पोरं नावं आणि तारखा उतरवून घेतील, झेरॉक्स काढतील, आणि मूळ कागद तिथल्या तिथं तुमच्या हातात परत देतील. मूळ कागद कुणाकडंही सोडायचा नाही, संघटनेकडंसुद्धा नाही. ज्यांना १९७६ चा तो दिवस आठवतो त्यांनी कागद नसला तरी यायचं. फाळ कुणाचे होते, बैल कुणाचे होते, कोण पळालं, कोण थांबलं, हे प्रत्येकाचं वेगवेगळं बसवून लिहून घ्यायचं आहे, एकमेकांचं ऐकून नाही. नाल्यापलीकडच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या आजींना चालवत नाही, त्यांना बैलगाडीनं आणायचं कोण बघतंय तेवढं आत्ता सांगा.